दोन हार्ड डिस्क आणि बाबांचा एक प्रश्न

आजही इतिहासच सांगणार आहे, पण किल्ल्यांचा आणि तहांचा नाही. आजचा इतिहास आहे कॉम्प्युटरच्या डब्यात गरगर फिरणाऱ्या तबकडीचा.

तुमच्यापैकी ज्यांनी २००० ते २०१० च्या दरम्यान गेम खेळण्यासाठी घरी पीसी जुळवला असेल, त्यांना ‘रेड झिरो’ हा शब्द नक्की आठवेल. दोन सारख्या हार्ड डिस्क घ्यायच्या, त्या जोडून एकच मोठी डिस्क असल्यासारखी करायची आणि गेम दुप्पट वेगानं चालतो म्हणून मित्रांना सांगत सुटायचं. मीही सांगत सुटलो होतो.

२००५ ची गोष्ट. भिलाईच्या टाउनशिपमधल्या आमच्या क्वार्टरमध्ये मी टेबलावर डबा उघडून बसलो होतो. बाबा पहिली पाळी करून आले. आतल्या दोन डिस्क बघून म्हणाले, “दोन घेतल्यास? बरं केलंस. एक बिघडली तर दुसरी आहे.”

मी म्हणालो, “नाही बाबा, एक बिघडली तर दोन्ही गेल्या.”

ते क्षणभर माझ्याकडे बघत राहिले. “मग दोन कशाला घेतल्या?”

“स्पीडसाठी,” मी म्हणालो आणि पुन्हा पेचकस हातात घेतला. या उत्तरात किती खरं होतं आणि किती खोटं, ते कळायला मला पुढची काही वर्षं लागली. आज तेच सांगायचं आहे.

सुरुवात भिलाईपासूनच करू, कारण भिलाई आणि जगातली पहिली हार्ड डिस्क जवळपास एकाच वयाच्या आहेत. पोलाद कारखान्यासाठी भारत आणि सोव्हिएत संघाचा करार झाला २ फेब्रुवारी १९५५ रोजी. तेव्हा दुर्ग जिल्हा जुन्या मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. विदर्भातली कितीतरी कुटुंबं नोकरीच्या निमित्तानं इकडे आली आणि इथलीच झाली. आमचंही त्यातलंच. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस, म्हणजे झोतभट्टी, सुरू झाली आणि १९६० पासून इथे रेल्वेचे रूळ तयार होऊ लागले. बाबांची सगळी नोकरी त्या रेल मिलमध्ये गेली.

इकडे कारखान्याची उभारणी चालू होती, त्याच काळात, सप्टेंबर १९५६ मध्ये, अमेरिकेत आयबीएम कंपनीनं ‘रॅमॅक’ नावाचं यंत्र जाहीर केलं. त्यात जगातली पहिली हार्ड डिस्क होती. दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक रचलेल्या, वजन टनाच्या वर. मावत किती होतं? ५० लाख अक्षरं. आज मोबाइलवर काढलेल्या एका फोटोला तेवढी जागा सहज लागते.

या तबकड्या मिनिटाला १,२०० फेरे घ्यायच्या. हा आकडा लक्षात ठेवा. बरोबर पन्नास वर्षांनी, २००६ मध्ये, बाजारात ७५० जीबीची हार्ड डिस्क आली. साठवण दीड लाख पटींहून जास्त वाढली. आणि फेरे किती झाले? मिनिटाला ७,२००, म्हणजे फक्त सहापट. साठवणीनं आभाळ गाठलं आणि फिरण्याचा वेग मात्र जेमतेम गच्चीपर्यंत पोहोचला.

याचं कारण साधं आहे. हार्ड डिस्क हे अर्धं इलेक्ट्रॉनिक आणि अर्धं लोहारकामाचं यंत्र. माहिती वाचायची तर आधी एका दांडीच्या टोकावरचं डोकं योग्य वर्तुळावर न्यावं लागतं. त्याला सरासरी ९ मिलिसेकंद लागतात. मग हवी असलेली जागा फिरत फिरत डोक्याखाली येईपर्यंत थांबायचं. मिनिटाला ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे, एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. सरासरी अर्धा फेरा थांबावं लागतं असं धरलं तर आणखी ४ मिलिसेकंद. एकूण झाले १३. डोळ्याची पापणी लवायलाही याच्या कितीतरी पट वेळ लागतो हे खरं, पण तेवढ्यात प्रोसेसर कोट्यवधी कामं उरकतो. तो हिशेब करून मोकळा होतो आणि डिस्कची वाट बघत बसतो.

ही अडचण मोठ्या यंत्रांवर काम करणाऱ्यांना आधी जाणवली. त्यावरचा उपाय दिसायला सोपा होता. एक डिस्क जोरात फिरवता येत नसेल तर अनेक डिस्क एकदम फिरवा. फाइलचे तुकडे करा. पहिला तुकडा पहिल्या डिस्कवर, दुसरा दुसरीवर, तिसरा पुन्हा पहिलीवर. वाचताना दोन्ही डिस्क एकाच वेळी आपापले तुकडे देतात. कागदावर चित्र काढलं तर साडीच्या पट्ट्यांसारखं दिसतं, म्हणून याला म्हणतात स्ट्रायपिंग. महासंगणकांच्या जगात हा उपाय १९८० च्या दशकात वापरात होता.

मग आलं १९८८. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी एक शोधनिबंध सादर केला. त्यांचं म्हणणं असं, की मोठ्या कंपन्या कपाटाएवढी एक महागडी डिस्क घेतात. त्याऐवजी पीसीत बसणाऱ्या स्वस्त, छोट्या डिस्कचा ताफा वापरा. आयबीएमची ३३८० ही डिस्क साडेसात हजार एमबीची होती. तिच्यासमोर त्यांनी १०० एमबीच्या ७५ चिमुकल्या डिस्क मांडल्या. या पद्धतीला त्यांनी नाव दिलं ‘रेड’. त्यातलं पहिलं अक्षर आहे ‘रिडंडंट’चं, म्हणजे जास्तीची, राखीव.

हे राखीवपण का लागलं, ते त्यांनी तिथेच गणित करून दाखवलं. एक डिस्क सरासरी ३०,००० तास चालते असं धरा. शंभर डिस्क एकत्र बांधल्या आणि त्यातली कुठलीही एक बिघडली की सगळं गेलं, असं असेल तर तो ताफा सरासरी किती तास चालेल? ३०० तास. दोन आठवडेसुद्धा नाही! म्हणून त्यांनी राखीव डिस्क ठेवण्याच्या पाच पद्धती सांगितल्या, एक ते पाच क्रमांकाच्या. शून्य क्रमांक त्या निबंधात नव्हताच. राखीव काहीच न ठेवता नुसते पट्टे पाडायचे, या प्रकाराला ‘रेड झिरो’ हे नाव नंतर मिळालं. राखीवपणा शून्य, म्हणून झिरो. नावातच इशारा होता. आम्ही तो वाचला नाही.

गंमत बघा, त्याच १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर तिचे पहिले संचालक झाले. ते मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. महागडा अमेरिकी महासंगणक सहजी मिळत नव्हता, तेव्हा त्यांच्या चमूनं अनेक साधे प्रोसेसर एकत्र कामाला लावले आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा केला. तिकडे डिस्क होत्या, इकडे प्रोसेसर, पण विचार एकच होता. एका पैलवानाऐवजी दहा साधी माणसं, आणि त्यांना एकत्र राबवण्याची शिस्त.

आता ही गोष्ट आमच्या घरापर्यंत कशी आली ते पाहू. १९९० च्या दशकात स्ट्रायपिंग हे सर्व्हरचं काम होतं आणि त्याची कार्डं महाग होती. २००० साली अबिट कंपनीनं केटी७-रेड नावाचा मदरबोर्ड आणला. गेमिंग करणाऱ्यांच्या बोर्डावरच रेडची चिप बसली. २००३ मध्ये इंटेलनं आपल्या आयसीएच५आर या चिपमध्ये रेड झिरो दिलं आणि मग मदरबोर्डाच्या खोक्यावर ‘रेड’ हा शब्द ठळक छापून येऊ लागला. त्याच वर्षी वेस्टर्न डिजिटलची ‘रॅप्टर’ आली, मिनिटाला १०,००० फेरे घेणारी. तिची जागा फक्त ३६ जीबी आणि किंमत आमच्यासारख्यांना परवडणारी नव्हती. मग आम्ही साध्या दोन डिस्क घ्यायचो आणि रॅप्टरची हौस त्यावर भागवायचो.

भिलाईत तेव्हा घरोघर एकच वारं होतं, जेईईचं. मुलगा अकरावीत गेला की घरातला टीव्ही बंद. कॉम्प्युटर मात्र ‘अभ्यासासाठी’ म्हणून घेतला जायचा आणि रात्री त्यावर काउंटर स्ट्राइक चालायचं. काही सामान सुपेला आणि पॉवर हाऊसच्या बाजारात मिळायचं. न मिळालं तर नागपूरला जाणाऱ्या कुणाला तरी यादी द्यायची.

ज्यांनी तेव्हा हे केलं त्यांना पुढचा सोहळा आठवत असेल. बायोसमध्ये जाऊन रेड चालू करायचं. मशीन सुरू होताना एक निळा-काळा पडदा यायचा, त्यात दोन्ही डिस्क निवडायच्या आणि तुकड्याचं माप ठरवायचं. बहुतेक जण ६४ केबी ठेवायचे. मग विंडोज एक्सपीची सीडी घालायची आणि खाली ओळ दिसली की लगेच एफ६ दाबायचं. कारण विंडोजला ही रेड चिप ओळखूच यायची नाही. तिचा ड्रायव्हर फ्लॉपीवरून द्यावा लागायचा, आणि २००५ मध्ये चालू स्थितीतली फ्लॉपी शोधणं हे गेमपेक्षा अवघड काम होतं. एवढं सगळं जमलं की जग जिंकल्यासारखं वाटायचं. त्या आनंदात मोजमाप कोण करतो?

पण मोजणाऱ्यांनी मोजलं होतं. आनंद लाल शिंपी यांच्या ‘आनंदटेक’नं जुलै २००४ मध्ये दोन रॅप्टर डिस्क रेड झिरोमध्ये लावून तपासणी केली. नुसता वेग मोजणाऱ्या चाचणीत आकडे झकास आले. प्रत्यक्ष गेमची लेव्हल उघडायला लागणारा वेळ मात्र जवळजवळ तेवढाच राहिला. घरच्या पीसीला याची गरज नाही, असा स्पष्ट निष्कर्ष त्यांनी काढला.

असं का व्हावं? डिस्क दोन झाल्या तर वेळ निम्मा व्हायला हवा ना? याचं उत्तर मला बाबांच्या कारखान्यावरून कळतं. झोतभट्टी एक असेल तर दिवसाला अमुक टन लोखंड निघतं. शेजारी दुसरी उभी केली तर दुप्पट निघेल. पण भट्टीत खनिज टाकल्यापासून लोखंड बाहेर पडेपर्यंत जे काही तास लागतात, ते दुसरी भट्टी उभारल्यानं कमी होत नाहीत. उत्पादन वाढतं, वाट बघणं तेवढंच राहतं.

डिस्कचंही तसंच. समजा, एका लेव्हलसाठी ३०० एमबी माहिती लागते आणि ती डिस्कवर १,५०० ठिकाणी विखुरलेली आहे. डिस्क सेकंदाला ५० एमबी देते. नुसतं वाचायला लागले ६ सेकंद. प्रत्येक ठिकाणी पोहोचायला १३ मिलिसेकंद, म्हणजे १,५०० ठिकाणांचे साडेएकोणीस सेकंद. शिवाय प्रोसेसरला ती माहिती उलगडून मांडायला समजा १० सेकंद. एकूण साडेपस्तीस. आता पट्टे पाडा. ६ चे ३ होतील. बाकीचे दोन्ही आकडे जागच्या जागी. एकूण साडेबत्तीस. दुप्पट डिस्क घेऊन वाचले तीन सेकंद.

आणि गेम चालू झाल्यावर? तेव्हा माहिती रॅममध्ये आणि ग्राफिक्स कार्डावर गेलेली असते. डिस्क एक असो की चार, पडद्यावरची हालचाल त्यानं गुळगुळीत होत नाही. माझ्या मशीनमध्ये तेव्हा ५१२ एमबी रॅम होती. दुसऱ्या डिस्कचे पैसे रॅमवर घातले असते तर खरा फरक दिसला असता.

मग पट्टे पाडणं खोटंच होतं का? तसं नाही. जिथे एकच लांबलचक फाइल सलग वाचायची असते तिथे ते खरं चालतं. न दाबलेला साधा पाल व्हिडिओ सेकंदाला सुमारे २० एमबी खातो. असे दोन-तीन पदर एकदम जोडायचे म्हटले की एक डिस्क दमायची, तिथे दोन डिस्क कामाला यायच्या. व्हिडिओ जोडणाऱ्यांचं औषध आम्ही गेमच्या दुखण्यावर घेत होतो.

आता बाबांच्या प्रश्नाकडे वळू. त्यांना वाटलं, दोन आहेत म्हणजे एक राखीव. ते कारखान्यातलं शहाणपण होतं. महत्त्वाच्या ठिकाणी एक पंप चालू आणि एक तयार. रेडमध्ये तीही सोय आहे. दोन्ही डिस्कवर एकच मजकूर ठेवला की त्याला म्हणतात रेड वन. माझं रेड झिरो होतं, आणि ते होतं रुळांच्या जोडीसारखं. गाडी दोन रुळांवर चालते. त्यातला एक तुटला तर गाडी दुसऱ्यावर अर्धी चालत नाही, घसरते. रूळ बनवणाऱ्या माणसाला हे मी असं सांगितलं असतं तर त्यांनी तिथेच माझा हात धरला असता.

हिशेबही तोच सांगतो. एक डिस्क वर्षभरात बिघडण्याची शक्यता ३ टक्के धरली तर दोनपैकी एखादी बिघडण्याची शक्यता होते जवळपास ६ टक्के. चार डिस्कचे पट्टे पाडले तर साडेअकरा. आणि ३ टक्के हा काही घाबरवायला फुगवलेला आकडा नाही. फेब्रुवारी २००७ मध्ये एकाच परिषदेत दोन अभ्यास आले. गूगलच्या लोकांनी आपल्या डिस्क तपासल्या, तर वर्षाला बिघडण्याचं प्रमाण पहिल्या वर्षातल्या डिस्कमध्ये १.७ टक्के आणि तिसऱ्या वर्षातल्यांमध्ये ८.६ टक्क्यांच्या वर निघालं. दुसरा अभ्यास बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांचा. कंपन्यांच्या माहितीपत्रकावरून प्रमाण वर्षाला फार तर ०.८८ टक्के असायला हवं होतं. प्रत्यक्षात डिस्क बदलाव्या लागत होत्या साधारण २ ते ४ टक्के, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. हे गिब्सन म्हणजे १९८८ च्या निबंधातलेच. राखीव ठेवा, असं एकोणीस वर्षं आधी सांगणाऱ्या माणसानंच पुन्हा मोजून दाखवलं.

आमच्या घरी मोजायची गरज पडली नाही. २००६ मध्ये बाबा निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडावी लागली. जाण्याआधी मी आणि आईनं दोन दिवस फोटो काढले. पेरूचं झाड, मागच्या अंगणातला मोगरा, व्हरांड्यात बाबांची सायकल, शेजारचं बंगाली कुटुंब, समोरच्या तेलुगू काकू. निरोप समारंभाचेही फोटो होते. सगळं त्या पट्टेवाल्या डिस्कवर टाकलं, कारण तीच सगळ्यात मोठी जागा होती. दुसरी प्रत काढायचं राहून गेलं. पुढच्या वर्षी एका रात्री डब्यातून टक-टक आवाज येऊ लागला आणि सकाळी विंडोज उठलंच नाही.

दुसरी डिस्क ठणठणीत होती. पण तिच्यात काय होतं? एक फोटो साधारण १ एमबीचा. ६४ केबीच्या हिशेबानं त्याचे १६ तुकडे, त्यातले आठ मेलेल्या डिस्कवर. एकही फोटो पुरा नाही. धडधाकट वाचण्याची आशा होती ती ६४ केबीहून लहान फाइल्सची. फोटोंमधला एकही तेवढा लहान नव्हता.

चूक पूर्ण माझी होती. बाबा काही बोलले नाहीत. एकदाच विचारलं, “त्या चांगल्या डिस्कमध्ये काहीच नाही?” मी म्हणालो, “अर्धं-अर्धं सगळं आहे.” ज्या घरात ते पंचवीस वर्षं राहिले तिथे दुसरं कुटुंब राहायला आलं होतं. फोटो पुन्हा काढायला घरही नव्हतं.

इतिहासानं मात्र पुढे एक मजेदार वळण घेतलं. सप्टेंबर २००८ मध्ये इंटेलनं एक्स२५-एम ही एसएसडी आणली. फिरणारी तबकडी नाही, सरकणारी दांडी नाही. जागेवर पोहोचायला १३ मिलिसेकंदांऐवजी मिलिसेकंदाचा दहावा भागही लागत नव्हता आणि वाचण्याचा वेग सेकंदाला २५० एमबीपर्यंत होता. मघाचं गणित पुन्हा करा. शोधाशोधीचे साडेएकोणीस सेकंद जवळजवळ नाहीसे झाले, वाचायला सव्वा सेकंद, बाकी प्रोसेसरचे दहा. साडेपस्तीसचे साडेअकरा. दोन डिस्कनी जे झालं नाही ते एका एसएसडीनं केलं, कारण तिनं नेमकं वाट बघणं कमी केलं.

आता ही एसएसडी उघडून पाहा. आत मेमरीच्या अनेक चिप्स आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या दहा वाटा. माहितीचे तुकडे करून ती या दहा वाटांवर एकदम पाठवते. म्हणजे काय? पट्टेच की! नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये अशा बारा वाटा आहेत आणि वेग सेकंदाला साडेपाच जीबी. स्ट्रायपिंग मेलं नाही, ते डिस्कच्या पोटात शिरलं. तिथे चुका दुरुस्त करणारी यंत्रणा त्याच्यासोबत दिलेली असते. आम्ही टेबलावर पेचकस घेऊन जे करत होतो त्यातला विचार चुकीचा नव्हता, तो लावला चुकीच्या जागी आणि राखीव काही न ठेवता.

आजही मुलं विचारतात, दोन एसएसडी रेड झिरोमध्ये लावू का? माझं उत्तर असतं, फक्त गेमच ठेवणार असशील तर हौसेनं लाव. गेम पुन्हा डाउनलोड होतो. फरक फारसा दिसणार नाही, एवढं गृहीत धर. पण आई-बाबांचे फोटो त्याच्यावर ठेवू नकोस. आणि रेड वन लावलं म्हणून निर्धास्तही होऊ नकोस. चुकून पुसलेला फोटो दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसला जातो. प्रत हवी ती वेगळ्या डिस्कवर, कॉम्प्युटरपासून सोडवून ठेवलेली, जमल्यास वेगळ्या घरात.

बाबांनी २००५ साली एवढंच विचारलं होतं, की एक बिघडली तर दुसरी आहे ना? घरातलं कुणी तुम्हाला हे विचारलं आणि उत्तर ‘नाही’ असेल, तर हा भाग संपल्यावर आधी एक प्रत काढा आणि मग गेम सुरू करा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.